साडेसहाची सरासरी

भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा एक माजी विद्यार्थी परवा आमच्याकडे आला. (बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव ते हे नव्हे, ते मंडणगडचे आंबडवे. नावांचा हा घोळ छापील मजकुरातही होतो.) स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी, सरासरी साडेसहा, आणि पुढे एम. एस. करण्याची इच्छा. ‘सर, एसओपी तेवढा बघून द्या,’ एवढीच त्याची मागणी होती.

साडेसहा म्हणजे किती, हा प्रश्न वरवर गणिताचा वाटतो. एनआयटींच्या एम. टेक. प्रवेशात सर्वसाधारण गटासाठी 6.5 किंवा 60 टक्के अशी अट असते, म्हणजे तिथे दोन्ही समान. तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात मात्र 60 टक्क्यांसाठी 6.75 लागतात. जर्मन विद्यापीठांच्या बव्हेरियन सूत्रात घातले, तर उत्तीर्णतेची किमान श्रेणी 4 धरून हेच साडेसहा 2.75 होतात, तिथे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि अनेक अभ्यासक्रम 2.5 वर दार लावून घेतात. एकच मुलगा, एकच गुणपत्रिका! तरीही तिला वस्तुनिष्ठ म्हणण्याचा आमच्या व्यवस्थेचा हट्ट सुटत नाही.

या मुलाचे पहिले वर्ष 5.2 चे आणि शेवटचे 7.9 चे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तके. गणिताचा पेपर दोनदा राहिला. ही चढण सरासरीत दिसत नाही. ती दिसू शकते अशी जागा एकच, निवेदनाची. आणि तिथे त्याने काय लिहिले होते? ‘लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते.’ सल्लागाराने दिलेला साचा. ज्याच्या गावात नागेश्वराच्या देवळापाशी संस्थानकाळातला झुलता पूल आहे, त्याच्या दोन पानांत पुलाचा शब्द नव्हता. कमी गुणांचा उल्लेख करू नये, असेही त्याला बजावलेले.

1907 साली मॅट्रिकला बाबासाहेबांना 750 पैकी 282 गुण होते. तेव्हाची गुणदानाची रीत वेगळी, हे मान्य. पण सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, 1913 साली ते कोलंबियाला गेले आणि 1915 साली एम. ए. झाले. 2024 साली आपल्या राज्याने राजर्षी शाहूंच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीला 75 टक्क्यांची अट घातली. ओरड झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. शाहू महाराजांचे नाव तेवढे शाबूत होते.

शासनाला बोल लावणे सोपे आहे. आम्ही मराठीचे अध्यापक काय करतो? आत्मचरित्रावर प्रश्न काढतो, ‘मी’च्या निवेदनावर चर्चासत्रे भरवतो, आणि विद्यार्थ्याला स्वतःविषयी एक खरे पान लिहायला कधी सांगत नाही. शिफारसपत्र त्यालाच लिहून आणायला सांगून खाली सही ठोकतो. (आम्हीही ठोकली आहे.) अभियांत्रिकीवाले आकड्यांत अडकले म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आम्ही तिथेच गमावला.

त्या मुलाला आम्ही मसुदा परत दिला आणि आधी मराठीत लिही म्हटले. दुसरा मसुदा परवाच आला. पहिल्या परिच्छेदात 5.2 आहेत, दुसऱ्यात पूल. इंग्रजीचे काम अजून बाकी आहे.