हळदीचा कुकर एकट्याला नको, गटाला द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र, वसमत



2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आनंद आमच्या कळमनुरी तालुक्यातही झाला. पण मानांकनाला शोभेल असा माल छोट्या शेतकऱ्याच्या हातून का निघत नाही, हे एकदा बघा.

पीक नऊ महिन्यांचं. काढणी, शिजवणी, वाळवणी मात्र एकदम अंगावर येते. कुकर भाड्याचा, आणि भाड्याचा कुकर आधी मोठ्या ढिगाकडे जातो. एकर-दीड एकरवाल्याचा नंबर लागेपर्यंत अवकाळीचं आभाळ भरून येतं. मग घाई. जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवायची, ती एकाच टाकीत पडतात. काडी टोचून बघायलाही कुणी थांबत नाही. काही कच्ची राहतात, काहींचा गाळ होतो. मोंढ्यात एका पोत्यात दोन रंग दिसले की भाव तिथंच पडला.

मग अनुदानावर ज्याला-त्याला कुकर द्यायचा? ज्याच्याकडे स्वहिश्श्याचा पैसा आहे त्यालाच तो मिळणार, आणि हंगाम सरला की गोठ्यामागे गंजत उभा राहणार. कागदावर याला यांत्रिकीकरण म्हणतात!

शेजारपाजारच्या दहा-बारा जणांत एक कुकर, एक पॉलिशचा ड्रम, चिठ्ठ्या टाकून ठरलेले नंबर आणि खांदणीला सावड, एवढ्यात भागतं. नंबर माहीत असला की त्याच बेतानं हळद काढता येते, ढीग सुकत पडत नाही. भांडणं होतील. डिझेल कुणी कमी टाकलं, ताडपत्री कुणी फाडली. ती पारावर मिटतात.

अडतं ते योजनेच्या अटीत. राज्याची 2017 ची गटशेती योजना 20 शेतकरी आणि 100 एकर मागत होती. दीड एकरवाले वीस जण जमवले तरी होतात 30 एकर. केंद्राच्या 2020 च्या योजनेत शेतकरी उत्पादक कंपनीला सपाट भागात किमान 300 सभासद लागतात. विक्रीला कंपनी हवीच, पण तीनशे जणांत कुकरचा नंबर लावायचा कसा?

म्हणून विनंती: दहा जणांच्या गटालाही, एकरांची अट न घालता, सामाईक कुकर मिळावा, यासाठी आपण शासनाकडे प्रस्ताव पाठवा. शिजवणीचं प्रशिक्षण सभागृहात नको, ऐन हंगामात आमच्या शिवारात द्या. आणि हे सगळं पुढच्या काढणीच्या आधी व्हावं.

आपला,
एक हळद उत्पादक
आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली