तंटामुक्त गावातली बाई

मंचरच्या पूर्वेला, आंबेगाव तालुक्याच्या बागायती पट्ट्यात निरगुडसर आहे. कामाच्या निमित्ताने या गावात आणि आसपासच्या गावांमध्ये माझं बरीच वर्षं येणं-जाणं आहे. पुण्याची एखादी मैत्रीण सोबत असली की दुपारी एसटीतून उतरताच तिचा उद्गार ठरलेला, "किती शांत आहे गं इथं!" आणि असतंच तसं. डेअरीवरची सकाळची गर्दी पांगलेली असते, मुलं शाळेत, मोठी माणसं शेतात नाहीतर तालुक्याला गेलेली. देवळाच्या ओट्यावर चार म्हातारे बसलेले असतात आणि लांबून एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज येत असतो. मलाही ही शांतता आवडते. पण ती कुणाच्या गप्प बसण्यावर उभी आहे, हा प्रश्न आता माझी पाठ सोडत नाही.

हा भाग मागासलेला नाही, हे आधी सांगायला हवं. डिंभे धरणाचं पाणी आलं, तसा ऊस वाढला. पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. घरोघरी दुभती जनावरं आहेत. राज्याचे गृहमंत्री राहिलेले दिलीप वळसे पाटील निरगुडसरचेच. तेव्हा 'अडाणीपणा आहे, गरिबी आहे, म्हणून बायका सोसतात' हे आपलं नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही.

या पट्ट्यातल्या बाईचा दिवस पहाटे गोठ्यात सुरू होतो. शेण, धारा, चारा, मग स्वयंपाक, मग कांद्याची लागण नाहीतर खुरपणी, आणि संध्याकाळी पुन्हा गोठा. धार ती काढते, पण डेअरीच्या खात्यावर नाव बहुधा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. सातबाऱ्यावरही तेच. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, असं स्पष्ट केलं. तरी भावाशी वाईटपणा नको म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. मग सासरी मार पडू लागला, की माहेरीही पाय ठेवायला हक्काची जागा उरत नाही. अशा बाईने गप्प राहायचं ठरवलं, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गावाला शांत ठेवण्याची एक सरकारी मोहीमही आपल्याकडे झाली. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या आणि तंटे मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार बक्षिसं मिळाली. या मोहिमेने काही चांगलं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालणारी भावकी एका बैठकीत मोकळी झाली. घरच्यांचा विरोध असलेल्या काही जोडप्यांची लग्नं समितीने पुढाकार घेऊन लावली. पुढे बक्षिसांचा गाजावाजा ओसरला, पण समित्या बऱ्याच ठिकाणी राहिल्या आणि 'गावचं गावातच मिटवायचं' ही सवय तर पक्की झाली. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. बांधाचा वाद आणि बाईला होणारी मारहाण, दोन्हींना 'तंटा' हा एकच शब्द कसा चालतो? बांधाच्या वादात दोन बाजू असतात, दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. मार खाणाऱ्या बाईने काय सोडायचं?

हे मी कुणावर बोट ठेवून लिहीत नाही, कारण यात माझीही चूक आहे. याच भागातल्या एका गावातली, अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलांची आई आमच्या बैठकीला येऊ लागली होती. नवरा दारू पिणारा नव्हता. गावात त्याचं नाव चांगलं होतं. एकदा पंपाच्या पाइपाने मारल्याचे वळ तिने दाखवले. तिला तक्रार द्यायची होती. गावातली जाणती मंडळी म्हणाली, "मॅडम, आधी समितीपुढे घेऊ. संसार आहे." मलाही ते पटलं. गावाशी संबंध बिघडले तर पुढचं काम अडेल, हा हिशेबही माझ्या मनात होता. तो इथे कबूल करते.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक झाली. दहा-अकरा पुरुष आणि समितीतल्या दोन बाया, त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. नवऱ्याने हात जोडून पुन्हा हात उचलणार नाही असं सांगितलं. तिला विचारलं गेलं, "नांदायचंय ना तुला?" तिने मान हलवली. कागदावर सह्या झाल्या, चहा झाला आणि वहीत तंटा मिटल्याची नोंद झाली. त्या कागदाची प्रत तिला द्यावी, हे कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा. पुढचे पाच महिने मी एकदाही तिच्या घरी गेले नाही. तंटा मिटला होता ना!

मग तिच्या भावाचा फोन आला. मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ती मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला नांदायचंय का, ते सगळ्यांनी विचारलं. यानं परत मारलं तर काय करायचं, ते कुणीच नाही विचारलं." भाऊ बाहेर उभा होता. तो म्हणाला, "ठेवू हो तिला, पण किती दिवस?"

मग आम्ही कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज केला. २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरात राहण्याचा हक्क तो देतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. आम्हाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. पण आदेश मिळाला. आज ती त्याच घराच्या मागच्या खोलीत मुलांसह राहते आणि कांद्याच्या कामाला जाते. मार थांबला आहे. गाव मात्र म्हणतं, "हिने घरचं भांडण कोर्टात नेलं." पाइपाने मारणाऱ्याने गावाची शांतता मोडली, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे एका गावापुरतं नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. हिंसा सोसणाऱ्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. बहुतेकींनी कुणाला सांगितलंच नाही. पोलिसांच्या वहीत गुन्हा नाही म्हणून गाव शांत ठरवायचं, तर या न बोललेल्या बायका आपण कुठे मोजणार?

आणि हे फक्त आपल्याच देशातलंही नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या छोट्या गावांचंही असंच कौतुक होत असतं. शांत रस्ते, ओळखीची माणसं, अडीनडीला धावणारा शेजार. तिथल्याच मिनेसोटा राज्यात जन्मलेल्या सिंक्लेअर लुईस यांनी १९२० साली 'मेन स्ट्रीट' ही कादंबरी लिहिली. शहरात शिकलेली कॅरल डॉक्टराशी लग्न करून अशा गावात येते आणि तिच्या प्रत्येक हालचालीवर गावाची नजर असल्याचं तिला कळू लागतं. ओळखीची माणसं म्हणजे आधार, तसाच पहाराही. गावात नांदायला आलेल्या आपल्या कुठल्याही सुनेला हे कादंबरी वाचून शिकावं लागत नाही.

गावाला बोलताच येत नाही, असंही नाही. उसात बिबट्याचा वावर या भागात जुना आहे. अंधार पडला की बायका शौचालाही एकट्या बाहेर पडत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं आणि एक वृद्ध बाई दगावली, तेव्हा लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बरोबरच केलं. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणीही रास्त आहे. बाहेरून येणाऱ्या धोक्यापुढे गाव एक होतं. घरातल्या धोक्याबद्दल मात्र तेच गाव 'त्यांचा खासगी मामला' म्हणून दार लावून घेतं.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांपुढे मी काही गोष्टी ठेवते. मारहाणीचं प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे तडजोडीला घेऊ नये, असा ठराव गावोगावच्या ग्रामसभेत मांडूया. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहेच. ती हजेरीच्या सह्यांपुरती न राहता तिथे हा विषय बोलला जाऊ दे. बाईने स्वतःच्या इच्छेने समझोता केला, तर त्याची प्रत तिच्या हातात हवी आणि गटातल्या दोघींनी वर्षभर दर महिन्याला तिच्या घरी जायला हवं. ११२ आणि १८१ हे क्रमांक डेअरीच्या भिंतीवर रंगवूया, कारण तिथे सगळ्याच जणी येतात. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक लेकीशी कुणीतरी एकदा बोलूया.

एक गोष्ट राहिली. गळीत हंगामात गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोपी पडतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो, उचलही त्याच हिशेबाने दिली जाते. त्या कोपीतल्या बाईची तक्रार तर कुठल्याच समितीच्या वहीत येत नाही, कारण ती 'गावची' नाही. आपल्या बैठकीत तिला कधी बोलावलं का, हे आपण स्वतःलाच विचारायला हवं.

असं केलं तर गावात आवाज वाढेल, तक्रारी वाढतील, आकडे वाईट दिसतील. 'बायकांनी गाव बिघडवलं' असंही ऐकावं लागेल. ऐकूया. मनगट मोडलेली ती बाई आता आमच्या बैठकीला नव्या येणारीला शेजारी बसवून घेते आणि पहिल्यांदा एवढंच विचारते, "मारतो का?" तो प्रश्न त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत मी विचारायला हवा होता.