मनगटाची थकबाकी

मराठी भाषेने कर्तृत्वाचे माप मनगटावर ठेवले आहे. ज्याच्या मनगटात जोर, तोच खरा कर्ता, असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात मनगट हा मोठा नाजूक सांधा आहे. 8 लहान हाडे, त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि वरून जाणाऱ्या कंडरा एवढ्याशा जागेत दाटीने नांदत असतात. बोटांना बळ देणारे बहुतेक मोठे स्नायू कोपराच्या बाजूला, हाताच्या वरच्या भागात असतात. त्यांच्या कंडरा तेवढ्या मनगटावरून पुढे बोटांकडे जातात. मनगटाचा जोर म्हणतात तो खरे तर वरच्या हाताचा असतो. भार मात्र मनगट सोसते.

जालन्याच्या मोंढ्यात पेढी असलेल्या एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुलगा शिक्षणासाठी पुण्यास आहे आणि त्याला प्रस्तरारोहणाचा छंद जडला आहे. संध्याकाळी कृत्रिम भिंतीवर सराव, सुटीच्या दिवशी लोणावळ्याजवळची नागफणी आणि मनात रायगडासमोरच्या लिंगाण्याचे स्वप्न. हा छंद आता केवळ साहसाचा राहिलेला नाही. टोकियोत 2021 मध्ये भरलेल्या ऑलिंपिकपासून कृत्रिम भिंतीवरील आरोहण पदकाचा खेळ झाले आहे. असा मुलगा दिवाळीत घरी येतो आणि वहीपूजनाच्या वेळी वह्यांचा गठ्ठा डाव्या हाताने उचलतो. विचारल्यावर कळते की उजवे मनगट चार महिन्यांपासून दुखत आहे.

वडील म्हणतात, हे खूळ सोडून दे. आजी म्हणते, कोमट तेलाने जोरात चोळून घे. मुलगा गुपचूप वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा भिंतीवर चढण्याच्या बेतात असतो. वडील आणि आजी प्रेमापोटी बोलतात, मुलगा उत्साहापोटी गप्प राहतो. पण नेमके दुखते कोठे, हा पहिला प्रश्न कोणीच विचारत नाही.

दुखण्याची जागा बरेच काही सांगून जाते. निसरड्या, गोलसर खडकाला तळहात टेकून शरीर तोलताना किंवा वाकड्या मनगटाने स्वतःला वर ओढताना करंगळीच्या बाजूला ताण येतो. तेथे त्रिकोणी आकाराची एक कूर्चा असते. ती फाटली वा झिजली, तर दाराची मूठ फिरवताना किंवा हात टेकून उठताना कळ येते. अंगठ्याच्या बाजूचे दुखणे पडल्यानंतर सुरू झाले असेल, तर अधिक सावध राहावे. अंगठा ताणला असता त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो, त्याच्या तळाशी नौकाकृती अस्थी असते. तिचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने मोडलेले हाड सावकाश जुळते. शिवाय बारीक तडा पहिल्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून खळग्यात दाबून दुखत असल्यास हाताला आधारपट्टी बांधून डॉक्टर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करतात किंवा एमआरआय करण्यास सांगतात. अशा हाडाकडे दुर्लक्ष झाले, तर ते न जुळता राहते आणि पुढे ऐन उमेदीत सांधा झिजू लागतो. मुरगळले असेल म्हणून तेथे चोळणे तर हानिकारकच.

मात्र प्रत्येक दुखण्याचा अर्थ छंद सोडणे असा नाही. स्नायू लवकर बळकट होतात. कंडरा आणि अस्थिबंध मागाहून तयार होतात. त्यामुळे उत्साही आरोहकाचे बळ पुढे धावते आणि सांधा मागे पडतो. ज्या हालचालीने कळ येते ती काही आठवडे थांबवणे, भौतिकोपचारतज्ज्ञाकडून मनगट आणि हाताच्या वरच्या भागाचे व्यायाम शिकणे आणि मग सोप्या चढाईपासून हळूहळू परतणे, हा सरळ मार्ग आहे. गोळीने वेदना दबते, इजा तशीच राहते.

हा विचार केवळ आरोहकापुरता नाही. त्याच घरात तान्हे बाळ वारंवार उचलणाऱ्या सुनेचे मनगट अंगठ्याच्या बाजूला ठणकत असते. स्विस शल्यविशारद द केर्व्हाँ यांनी 1895 मध्ये वर्णिलेला हा विकार नव्या मातांमध्ये नेहमी आढळतो. तिचे दुखणे तर कोणी विचारतही नाही, कारण ते घरकामातले.

व्यापाऱ्याला थकबाकीची जात ठाऊक असते. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरवते. पण शहाणा अधिकारी तोवर थांबत नाही, पहिला हप्ता चुकताच चौकशी करतो. मनगटाचेही तसेच आहे. पडल्यानंतर सूज आली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड सैल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एरवी दोन आठवडे विश्रांती देऊनही दुखणे हटले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. आणि घरच्यांनी रागावण्याआधी विचारावे. ज्या घरात दुखणे सांगितल्यावर छंद हिरावला जात नाही, त्याच घरात मुले दुखणे वेळेवर सांगतात.