अल्प मात्रेचा हिशेब

लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचे केंद्र उभारले. असा कांदा खाऊन कॅन्सर होईल का, ही शंका तेव्हापासून अधूनमधून कानावर येते. होणार नाही. ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप) एवढ्या मात्रेने कांदा किरणोत्सारी बनत नाही. पण काळजी फक्त खाणाऱ्याची का? किरणांजवळ पोट भरणाऱ्यांबद्दल आपण विचारतच नाही. लासलगावचा किरणे देणारा कोबाल्ट निदान जाड काँक्रीटच्या भिंतींआड असतो. हाडांच्या दवाखान्यात सी-आर्म हे एक्स-रे यंत्र चालू असताना पेशंटचा पाय धरून उभे राहणारे मामा, कॅथलॅबमधले तंत्रज्ञ, सिस्टर यांच्या आड असतो तो शिशाचा ॲप्रन, तोही वाट्याला आला तर.

अशी थोडी-थोडी मात्रा वर्षानुवर्षे अंगावर घेतल्याने काय होते, याचे उत्तर बरीच वर्षे हिरोशिमा-नागासाकीच्या आकड्यांवरून काढले जाई. तिथला मारा एका क्षणाचा होता. नोकरीतली मात्रा सावकाश मिळते, म्हणून ती कमी घातक असावी, असे मानले गेले. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३,०९,९३२ अणुउद्योग कामगारांच्या नोंदींनी या समजुतीला धक्का दिला. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या या अभ्यासानुसार ल्युकेमियासारखे रक्ताचे कॅन्सर वगळता इतर कॅन्सरने होणारे मृत्यू दर ग्रेमागे ५२ टक्क्यांनी वाढतात, आणि १०० मिलिग्रेच्या आतही वाढ दिसते. हा सिगारेटचा परिणाम असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण फुप्फुसाचा कॅन्सर वगळून पाहिले तरी संबंध पुसला जात नाही.

अल्प मात्रा निरुपद्रवी असते हे सांगताना केरळातल्या करुणागापल्लीचा दाखला हमखास दिला जातो. तिथल्या मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त, तरीही सुमारे ७० हजार लोकांच्या पाहणीत कॅन्सर वाढलेला आढळला नाही. पाहणी प्रामाणिक आहे, पण तिच्यात कॅन्सरचे रुग्ण जेमतेम १,४०० होते. कामगारांच्या अभ्यासात रक्ताचे सोडून इतर कॅन्सरने झालेले मृत्यूच २८ हजारांवर आहेत. बारीक वाढ मोठ्या संख्येतच दिसते.

ही वाढ बारीकच आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्या कामगारांची सरासरी एकूण मात्रा २० मिलिग्रेच्या आसपास होती. दर ग्रेमागे ५२ टक्के या हिशेबाने त्यांचा धोका साधारण एका टक्क्याने वाढतो. एवढ्यासाठी एक्स-रे टाळणे वेडेपणाचे ठरेल. पण पेशंटला त्या किरणांतून निदान मिळते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. आपल्याकडे अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्टची (एक्स-रेच्या बाबतीत साधारण तेवढ्याच मिलिग्रेची) मर्यादा आहे. तिच्या आत राहिले म्हणजे धोका शून्य, असे मात्र नव्हे.

छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा, मात्रा मोजणारा टीएलडी बॅज हाच या शेजारी उभ्या माणसाचा एकमेव साक्षीदार. तो ड्रॉवरमध्ये पडून राहिला की तीन महिन्यांचा अहवाल कोरा येतो आणि सगळे निर्धास्त होतात. कॅन्सर मात्र दहा-वीस वर्षांनी उगवतो, तोवर नोकरी बदललेली असते. म्हणून दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांना आमची विनंती आहे: पाय धरणाऱ्या मामांनाही बॅज द्या, आणि या दिवाळीत बोनससोबत प्रत्येकाच्या हातात त्याच्या आजवरच्या एकूण मात्रेचा कागद ठेवा.