आरोग्यधन : कानशिलाच्या खिडकीतून मेंदूचा रक्तप्रवाह

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो आणि संग्रह मात्र जवळजवळ काहीच करीत नाही. म्हणूनच रक्ताच्या गुठळीने त्याची एखादी मोठी धमनी बंद झाली, की हानी तत्काळ सुरू होते. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे, उपचार न झालेल्या अशा पक्षाघातात दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात.

तथापि सगळा भाग एकाच वेळी मरत नाही. मृत भागाच्या सभोवतीचा पट्टा शेजारच्या रक्तवाहिन्यांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही काळ तग धरून असतो. तातडीच्या उपचारांची सारी धडपड हा पट्टा वाचविण्यासाठी असते. रुग्णालयात प्रथम होणारा सीटी स्कॅन रक्तस्राव झाला आहे काय, हे सांगतो. परंतु ते एका क्षणाचे चित्र असते. पुढे गुठळी विरघळू लागली का, उघडलेली धमनी पुन्हा बंद झाली का, हे खाटेपाशी सतत पाहणारे साधन निराळे लागते.

असे एक साधन म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर. हलत्या उगमापासून येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, हे तत्त्व ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे मांडले. त्यावर आधारित तपासणी शरीराच्या इतर भागांत रूढ झाली, तरी कवटीचे हाड आड येत असे. १९८२ मध्ये नॉर्वेचे रूने ऑस्लिड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की कानशिलाच्या पातळ हाडातून २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी आत पोहोचतात. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या या लहरी रक्ताचा वेग सांगतात. ना सुई, ना क्ष-किरण. उपचार चालू असतानाच पडद्यावर प्रवाहाचा आलेख उमटत राहतो.

गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिले जात असताना या आलेखाचे मोल कळते. सपाट रेषेत हळूहळू स्पंदने उमटू लागली, तर धमनी मोकळी होत आहे. आलेली स्पंदने पुन्हा मावळली, तर नवा अडथळा आला असावा. अशा वेळी नळी आत घालून गुठळी बाहेर काढण्याचा निर्णय लवकर घेता येतो.

या लहरींमुळे गुठळी अधिक लवकर विरघळेल, अशीही आशा होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ रुग्णांच्या चाचणीत औषधासोबत सतत लहरी दिलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांची धमनी दोन तासांत पूर्ण उघडली किंवा प्रकृती झपाट्याने सुधारली. केवळ औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. मात्र पुढील मोठ्या चाचणीत डोक्यावर बसविलेल्या स्वयंचलित उपकरणाने असा लाभ दिसला नाही. त्यामुळे आज या तपासणीचे स्थान औषधाचे नसून साक्षीदाराचे आहे.

धमनी उघडल्यावरही पहारा संपत नाही. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या भागात रक्ताचा लोंढा शिरल्यास सूज किंवा रक्तस्राव संभवतो. रक्तदाब फार उतरविल्यास तोच भाग पुन्हा उपाशी पडतो. गुठळी काढल्यानंतर वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणलेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट राहिली, असे २०२२ मध्ये चीनमधील चाचणीत आढळले.

या साधनालाही मर्यादा आहेत. काहींच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, कानशिलाचे हाड लहरींना वाट देत नाही. कुशल हात लागतो, आणि स्कॅनची जागा ही तपासणी घेऊ शकत नाही. शिवाय रुग्ण वेळेत पोहोचला, तरच तिचा उपयोग. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. गुठळी काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाढते.

हा अवधी बहुधा घरातच वाया जातो. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तरी ‘दुकान वाढवून मग जाऊ’ असे म्हटले जाते. पर्युषणात तीच लक्षणे उपवासाचा थकवा मानली जातात. थकव्याने दोन्ही हात गळतात. एकच हात अचानक पडला, तर तो थकवा नव्हे. अशा वेळी तात्काळ १०८ ला फोन करावा आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

चौविहार असो वा नसो, अशा रुग्णाच्या तोंडात पाणीही घालू नये. गिळण्याची शक्ती गेली असल्यास ते फुप्फुसात उतरते. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी देऊ नये. रक्तस्राव असल्यास दुसरी गोळी घातक ठरू शकते. रोजची औषधे घेणाऱ्या तपस्वींनी ती परस्पर बंद न करता, पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी व गुरूंशी बोलून घ्यावे.