दात विकत घ्यावेत, सांधा गटाने जोडावा

महाराष्ट्रात ज्या दिवशी दिव्यांची अवस पाळली जाते, त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये हरेली साजरी होते. नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा केली जाते. अवजारांविषयीचा हा आदर गावातील अवजार-दुरुस्ती केंद्रालाही लागू व्हावयास हवा. रायपूरच्या परिसरात उरला व सिलतरा येथील औद्योगिक वसाहती जवळ असल्याने अँगल, पट्टी, चौकोनी पाइप सहज मिळतात. पेरणी यंत्राची चौकट, कल्टिव्हेटरचे दांडे, चिखलणीची लोखंडी चाके यांची बांधणी व दुरुस्ती आता अनेक ठिकाणी स्थानिक पातळीवर होते. अशा केंद्रांत धातू कापणारे बँडसॉ यंत्र आले की एक प्रश्न हमखास उभा राहतो: ब्लेड प्रत्येक वेळी विकत आणावे, की ते स्वतः तयार करून दुरुस्त करावे?

प्रश्न किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम शेतापर्यंत पोहोचतात. भाताची पेरणी पावसाच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. बियासी पद्धतीत पेरणीनंतर साधारण महिनाभराने, बांधीत पाणी साचले असतानाच, उभ्या पिकात नांगर फिरवावा लागतो. त्या आठवड्यात एका ब्लेडअभावी दुरुस्ती अडली, तर होणारे नुकसान ब्लेडच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

‘ब्लेड तयार करणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट असावे. आजच्या बायमेटल ब्लेडचा पाठीचा भाग लवचीक स्प्रिंग-पोलादाचा असतो व दातांच्या टोकांना हायस्पीड पोलादाची कडा जोडलेली असते. एम-४२ या प्रचलित प्रकारात सुमारे ८ टक्के कोबाल्ट असते. साधे कार्बन पोलाद २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते, तर हायस्पीड पोलाद ५०० अंशांच्या पुढेही धार टिकवते. दात पाडणे, ते आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूस वाकवणे आणि त्यांना पाणी देणे ही कामे गावातील कार्यशाळेत शक्य नाहीत. तसा प्रयत्नही करू नये. हाताच्या ग्राइंडरवर दातांना धार लावण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे. एकेका दाताची उंची बदलते, ब्लेड वाकडे कापते आणि उरलेले दात लवकर झिजतात.

जे करता येते ते एवढेच: गुंडाळीतील पट्टा मापाने कापून त्याची दोन टोके जोडणे आणि तुटलेला सांधा पुन्हा जोडणे. तीन मीटरचे ब्लेड लागणाऱ्या यंत्रासाठी तीस मीटरच्या गुंडाळीतून, कापण्या-घासण्यात जाणारा भाग धरून, नऊ ब्लेड निघतात. मात्र हा सांधा साध्या आर्क वेल्डिंगचे काम नव्हे. मिनिटाला ६० मीटर वेगाने फिरणारे तीन मीटरचे ब्लेड दोन्ही चाकांवरून मिनिटाला ४० वेळा, म्हणजे तासाला २,४०० वेळा वाकते. जाड किंवा ठिसूळ सांधा तेथे टिकत नाही. त्यासाठी बट वेल्डर लागतो. टोके काटकोनात घासून, पाठ एका रेषेत धरून जोडावी लागतात. वेल्डिंगनंतर सांधा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ होतो. म्हणून तो मंद लाल होईपर्यंत पुन्हा तापवून हळूहळू थंड करणे अपरिहार्य आहे. मग दोन्ही बाजूंचा उंचवटा ब्लेडच्या जाडीइतका घासून, सांधा चाकाच्या गोलाईवर वाकवून तपासावा. ही तपासणी टाळणे म्हणजे यंत्रावर काम करणाऱ्याची सुरक्षितता पणाला लावणे होय. यंत्राचे झाकण उघडे ठेवून असे ब्लेड कधीही चालवू नये.

कोणते ब्लेड दुरुस्त करावे, याची कसोटी सोपी आहे. दात धारदार असून केवळ सांधा सुटला असेल, तर दुरुस्ती योग्य. दातांच्या खाचांत बारीक तडे दिसू लागले, तर संपूर्ण पट्टा थकलेला आहे. एक जागा जोडली तरी तो दुसरीकडे तुटेल. काही दात उडाले असतील, तर तेवढा भाग काढून त्याच रुंदीचा, जाडीचा व इंचाला तितकेच दात असलेला तुकडा बसवता येतो. पण तोही सारखाच झिजलेला हवा. नवा तुकडा बसवल्यास त्याचे उंच दात सारा भार स्वतःवर घेतात व प्रथम तेच तुटतात.

म्हणून वर्षाकाठी मोजकीच ब्लेड लागणाऱ्या केंद्राने बट वेल्डर घेण्याचा मोह टाळावा. पेरणीपूर्वी दोन जादा ब्लेड आणून ठेवली की अडचण मिटते. घरी केल्याचे समाधान मोठे असले तरी न वापरलेल्या यंत्रात अडकलेला पैसा समाधान देत नाही. शिवाय बहुतेक ब्लेड वयाने नव्हे, तर हेळसांडीने मरतात. नवे ब्लेड पहिल्या काही कापांत निम्म्या दाबाने चालवावे, मालात एका वेळी किमान तीन दात राहतील असे ब्लेड निवडावे, कूलंट योग्य प्रमाणात सोडावे आणि काम संपल्यावर ताण सैल करावा. या सवयींनी वाचणारी रक्कम दुरुस्तीतून वाचणाऱ्या रकमेपेक्षा अधिक भरते.

एका गटातील दहा-बारा केंद्रांचा विचार केला की हिशेब पालटतो. तयार ब्लेड व गुंडाळीतील ब्लेड यांच्या किमतीतील फरकाला सर्वांच्या वार्षिक गरजेने गुणावे. ती रक्कम दोन-तीन वर्षांत वेल्डरची किंमत भरून काढत असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्याने सामाईक वेल्डर ठेवावा आणि एका व्यक्तीला त्यात तरबेज करावे. सर्वांनी एकाच लांबी-रुंदीच्या ब्लेडची यंत्रे घेतली, तरच मात्र ही योजना चालते. हा निर्णय यंत्रखरेदीच्या वेळीच व्हावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी अवजार-प्रशिक्षणात अर्धा दिवस ब्लेडसाठी राखावा. प्रत्येक केंद्राने साधी वही ठेवावी: ब्लेड कधी चढवले, काय कापले, कुठे तुटले. ५० मिलिमीटर चौरस भरीव सळई कापली तर २५ चौरस सेंटीमीटर धातू कापला जातो. ५० × ६ मिलिमीटरच्या अँगलमध्ये तो सुमारे पावणेसहा भरतो. ब्लेडच्या किमतीला अशा एकूण चौरस सेंटीमीटरने भागले की खरा खर्च कळतो. विकत घ्यावे की जोडावे, हे त्या वहीने ठरवावे. अभिमानाने किंवा आळसाने नव्हे.