बॉस्टनची मंडळी, नगरची माणसे

धर्मांतराचा विषय निघाला की चर्चा बहुधा ईशान्य भारताकडे वळते. महाराष्ट्राच्या ऐन अंगणात, नगर जिल्ह्यात, जवळजवळ दोन शतकांपूर्वी रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनकडे मात्र अभ्यासूंचेही लक्ष क्वचितच जाते.

अमेरिकन मिशन मंडळाची स्थापना १८१० सालची. त्याचा कारभार बॉस्टनहून चाले. या मंडळाने धाडलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना कंपनी सरकारने कलकत्त्यात थारा दिला नाही. १८१३ मध्ये ते मुंबईस आले आणि त्याच वर्षी कंपनीची नवी सनद मंजूर होऊन मिशनऱ्यांना हिंदुस्थानचे दार अधिकृतपणे उघडले. हॉल १८२६ मध्ये पटकीने निवर्तला. १८३१ मध्ये मिशनचे ठाणे नगरला पडले.

हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. पोप नाही, बिशप नाही; बायबल हेच प्रमाण आणि प्रत्येक गावची मंडळी आपल्या कारभारास स्वतंत्र, हे त्यांचे तत्त्व. तत्त्व म्हणून त्यात खोट काढण्याचे कारण नाही. व्यवहारात मात्र उपदेशकांचे वेतन, शाळा, छापखाना या साऱ्यांच्या किल्ल्या परकीय मिशनऱ्यांच्या हाती राहिल्या. स्वायत्ततेचा उपदेश करणाऱ्या पंथाची एतद्देशीय मंडळी दीर्घकाळ परावलंबी राहावी, हा विरोधाभास लहान नव्हे. (त्यांच्या मुंबईच्या छापखान्यात लहान वयात काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभारून संस्कृत ग्रंथांची केवढी सेवा केली! विद्या कोठूनही घ्यावी, ती अशी.)

मंडळी वाढली ती प्रामुख्याने महार आणि मांग वस्त्यांतून. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर हा ओघ वाढला. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्मच; परंतु अन्न आणि दीक्षा एकाच दारातून मिळू लागली, तर घेणाऱ्याची श्रद्धा कितपत मुक्त राहते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तथापि तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या गावांत मिशनची शाळा निघाली, त्याच गावांत सार्वजनिक पाणवठा या बांधवांना बंद होता. सावित्रीबाई फुले यांना अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे घ्यावे लागले. तशी सोय हिंदू समाजाने केलेली नव्हती. अस्पृश्यता पाप नसेल तर जगात काहीच पाप नाही, हा बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत मांडलेला विचार शंभर वर्षे आधी कोणी नगरच्या वेशीवर आचरला असता, तर मिशनचा इतिहास निराळा घडता.

या साऱ्या कथेतील सर्वांत बोलका अध्याय रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ओवी, अभंग, भजन सोडले नाही. ख्रिस्ताकडे त्यांनी वारकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले आणि मिशनऱ्यांची वडीलकी त्यांना सलत राहिली. अखेर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. म्हणजे श्रद्धेसाठी समाज सोडावा लागतो, हे मिशनचे गृहीतकच त्यांनी नाकारले. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

पुढे १९७० मध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि ज्यांच्या परंपरेत बिशप नव्हता, त्या मंडळ्या बिशपांच्या चौकटीत गेल्या. टिळकांची भजने मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही म्हटली जातात.